रिकामे सिलिंडर आत, भरलेले बाहेर



गेल्या पंधरवड्यात सांगली जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या घरी एक्क्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत. एके काळी पहाटे उठून सडा-रांगोळी करणाऱ्या या बाई आता जेवणाच्या ताटावरच पेंगतात; न्हाणीघरापर्यंत जाऊन आल्या तरी बराच वेळ गळून गेल्यासारख्या बसून राहतात. औषधांच्या दुकानात कोणी तरी एक बाटली दाखवली. पेशींमधील ‘मायटोकॉन्ड्रिया’ या गोळ्यांनी पुन्हा तरुण होतात, असे तिच्यावर छापले आहे. ‘महिन्याला दोन हजारांच्या वर खर्च आहे. परवडत नाही, पण न द्याव्यात तर मन खाते. काय करू?’ असे त्या विचारतात.

उत्तर दोन ओळींत देता आले असते. परंतु याच एका शब्दाने काही वर्षांपूर्वी मलाही गाफील केले होते आणि त्याचे भोग माझ्या एका रुग्णाच्या वाट्याला आले. ती हकीकत पुढे सांगणारच आहे. त्याआधी, ज्या वस्तूच्या नावावर ही बाटली विकली जाते ती वस्तू प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. विषय थोडा किचकट आहे, पण ज्यांनी गॅससाठी नंबर लावून महिनोन्महिने वाट पाहिली आहे, त्या पिढीला तो समजायला मुळीच अडचण येऊ नये.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे नातवंडांच्या विज्ञानाच्या पुस्तकातील ‘तंतुकणिका’. रक्तातील लाल पेशी सोडल्या तर शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत त्या असतात. हृदयाच्या स्नायूत तर अगदी दाटीवाटीने. आपण खाल्लेल्या भाकरीतील साखर आणि तिच्यावरील तूप यांचे अखेरचे ज्वलन येथे होते आणि त्यातून ‘एटीपी’ नावाचे रसायन घडते. बोट हलवणे, अन्न पचवणे, हा मजकूर वाचणे, सारे काही या एटीपीवर चालते. शरीरात एका वेळी असलेले एटीपी फार तर पावकिलो भरेल. पण दिवसभरात आपण साधारण आपल्या वजनाइतके एटीपी वापरतो. याचा अर्थ उघड आहे. तेच ते एटीपी रिकामे होते, पुन्हा भरले जाते, पुन्हा रिकामे होते. रिकाम्या रूपाला ‘एडीपी’ म्हणतात.

आता अडचण अशी, की भरण्याचे काम तंतुकणिकेच्या आत चालते आणि वापर बहुतेक बाहेर होतो. मध्ये दोन पडदे आहेत. बाहेरच्या पडद्याला मोठी छिद्रे आहेत. त्यातून लहानसहान रेणू सहज जातात-येतात. आतला पडदा मात्र अत्यंत बंदिस्त आहे. तो मेदाचा बनलेला असून त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी आहे. विद्युतभार असलेला कोणताही कण त्या मेदातून आपल्या बळावर पार होऊ शकत नाही.

हा बंदिस्तपणा कशासाठी, हे १९६१ साली पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने सांगितले. अन्नाच्या ज्वलनातील शक्तीने तंतुकणिका आधी हायड्रोजनचे धनभारित कण, म्हणजे प्रोटॉन, आतून बाहेर उपसते. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवून ठेवावे तसेच हे. मग ते प्रोटॉन एका प्रथिनाचे चाक फिरवत परत आत येतात आणि त्या फिरण्यातून एटीपी घडते. टाकी गळकी असून कशी चालेल? मिचेल यांचे म्हणणे बराच काळ कोणी मनावर घेतले नाही. त्यातच पोटातील अल्सरमुळे त्यांना एडिनबरा विद्यापीठातील नोकरी सोडावी लागली. त्यांनी कॉर्नवॉल परगण्यातील एक पडीक हवेली दुरुस्त करून घेतली, तिथेच छोटी प्रयोगशाळा थाटली आणि १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळवले. प्रकृतीमुळे नोकरी सुटली म्हणून खचलेल्या रुग्णांना मी हे उदाहरण अधूनमधून सांगतो.

पडदा इतका बंदिस्त, तर एटीपी बाहेर येते कसे? त्यासाठी त्या मेदात प्रथिनांचे दरवाजे बसवलेले आहेत. त्यांना वाहक प्रथिने म्हणतात. माणसात या एकाच कुळातील त्रेपन्न प्रकारचे वाहक आहेत. कोणी फॉस्फेट आत आणतो, कोणी मेदाम्लांना कार्निटिनच्या जोडीने आत घेतो. त्यातला आपल्या कामाचा वाहक म्हणजे एडीपी आणि एटीपी यांची अदलाबदल करणारा. त्याचा नियम गॅस एजन्सीसारखा आहे. रिकामे सिलिंडर हाती दिल्याशिवाय भरलेले मिळत नाही. एक एडीपी आत, एक एटीपी बाहेर. उधारी नाही आणि जादा डबाही नाही.

या दरवाजाची घडण मोठी सुबक आहे. सुमारे तीनशे अमिनो आम्लांच्या एका साखळीची सहा वेटोळी पडद्याच्या आरपार गोलाकार उभी असतात आणि मध्ये पोकळी राहते. शस्त्रक्रियागृहाबाहेर दोन दारांमधली जशी खोली असते, तशीच ही पोकळी. बाहेरचे दार उघडे असेल तर आतले मिटलेले, आतले उघडे असेल तर बाहेरचे मिटलेले. दोन्ही एकदम कधीच उघडत नाहीत, कारण तसे झाले तर टाकी गळेल. एडीपी पोकळीत येऊन बसले की बाहेरचे दार मिटते, आतले उघडते. मग एटीपी बसते आणि उलटा फेरा होतो. एटीपीवर एडीपीपेक्षा एक ऋणभार अधिक असतो आणि तंतुकणिकेची आतली बाजू ऋण असते. त्यामुळे भरलेल्या सिलिंडरला बाहेर जाण्यासाठी जणू मागून हलकासा रेटाच मिळतो.

हे दार आपण विषांमुळे पाहू शकलो, ही त्यातली गंमत. भूमध्य समुद्राकाठच्या एका काटेरी झाडात असे विष आहे, की ते पोकळीत अडकले तर दार बाहेरच्या बाजूला उघडे राहून जाम होते. २००३ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी गाईच्या हृदयातील हे प्रथिन त्या विषाने असे जखडून ठेवले आणि त्याचे चित्र मिळवले. दुसरे विष जावा बेटावरचे. खोबऱ्याच्या चोथ्यापासून आंबवून केलेला ‘तेम्पे बोंगक्रेक’ नावाचा पदार्थ तेथील गरिबांच्या जेवणात असे. त्यात एक विशिष्ट जिवाणू शिरला तर त्याच्या विषाने घरेच्या घरे मृत्युमुखी पडत. ते विष दार आतल्या बाजूला उघडे ठेवून अडवते. त्याच्या मदतीने दुसऱ्या अवस्थेचे चित्र २०१९ साली केंब्रिजमधील शास्त्रज्ञांनी दिले. त्या दुर्दैवी घरांत अन्न होते, श्वास चालू होता, तंतुकणिकाही जागच्या जागी होत्या; फक्त दरवाजा अडला होता.

आता दरवाजाच्या चौकटीविषयी. आतल्या पडद्यात ‘कार्डिओलिपिन’ नावाचा एक खास मेद असतो. पडद्यांतील नेहमीच्या मेदाला दोन शेपट्या असतात, याला चार. हा मेद वाहक प्रथिनाच्या कडेला तीन ठिकाणी घट्ट चिकटून बसतो. प्रयोगात तो काढून घेतला की वाहकाचे काम थंडावते. दार चांगले असून काय उपयोग, चौकट आणि बिजागऱ्याही तशाच हव्यात. हे नाव आपणास अपरिचित वाटेल, पण आपल्यापैकी कित्येकींच्या रक्ताची त्याच्याशी गाठ पडली आहे. गरोदरपणात केली जाणारी ‘व्हीडीआरएल’ ही तपासणी आठवते? त्या तपासणीत रक्ताबरोबर मिसळला जाणारा मुख्य पदार्थ हाच. मेरी पँगबॉर्न या अमेरिकी संशोधिकेने तो १९४२च्या सुमारास गाईबैलांच्या हृदयातून वेगळा केला. हृदय म्हणजे कार्डिओ, म्हणून कार्डिओलिपिन.

वयाबरोबर या चौकटीचे काय होते? प्रयोगशाळेतील वृद्ध उंदरांच्या हृदयात कार्डिओलिपिन घटल्याचे आढळले आहे. माणसाच्या स्नायूंतही उतारवयात तंतुकणिका कमी होतात आणि असलेल्या मंदावतात. जाहिरात नेमकी येथून उडी मारते: तंतुकणिका मंदावल्या, म्हणून ही गोळी घ्या. मधला सगळा पूल गायब!

बाटलीत बहुधा कोएन्झाइम क्यू-१० असते, कधी कार्निटिन. दोन्ही पदार्थ खरे आहेत, तंतुकणिकेत दोघांनाही काम आहे आणि निरोगी शरीर ते स्वतःच तयार करते. काही दुर्मिळ जन्मजात विकारांत ते औषध म्हणून दिले जातात आणि तेथे त्यांचे मोल मोठे आहे. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांमुळे अंग दुखते त्यांना क्यू-१०ने आराम पडतो का, याच्या चाचण्या झाल्या. निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. परंतु वृद्धापकाळातील साध्या थकव्यासाठी? गॅस एजन्सीच्या गोदामात जास्तीचा माल नेऊन टाकला म्हणून तुमच्या ओट्यावरची शेगडी मोठी पेटत नाही. भरलेले सिलिंडर रिकाम्याच्या बदल्यातच बाहेर येते. स्नायू हलला, एटीपी खर्च झाले, एडीपी परत गेले, तरच आतले चाक जोराने फिरते. मागणी वारंवार येऊ लागली की स्नायूपेशी नव्या तंतुकणिका घडवतात, आणि हे साठी-सत्तरीतही घडते, असे वयस्कांच्या स्नायूंचे तुकडे तपासून केलेल्या अभ्यासांत दिसले आहे.

येथे याच कुळातील एका उनाड भावंडाविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘यूसीपी-१’ नावाचे हे प्रथिन दिसायला आपल्या वाहकासारखेच, पण याचे काम टाकी मुद्दाम गळकी करण्याचे. प्रोटॉन चाक न फिरवताच परत येतात आणि सगळ्या शक्तीची उष्णता होते. तान्ह्या बाळाच्या मानेभोवती आणि खांद्याच्या फऱ्यांमध्ये तपकिरी रंगाची चरबी असते, तिच्यात हे प्रथिन ठासून भरलेले असते. म्हणून बाळ सहसा कुडकुडत नाही. त्याची शेगडी आतच असते. ही चरबी वयाबरोबर ओसरते, स्नायूही झिजतात. तेव्हा निफाडच्या थंडीत एकाच खोलीत नातू अंगावरचे पांघरूण लाथाडतो आणि आजी दोन शाली मागते, तो तिचा हट्ट समजू नका. अतिवृद्ध माणसाला धोकादायक थंडी बाधली तरी हुडहुडी भरेलच असे नाही. तो नुसताच सुस्त होतो, असंबद्ध बोलतो आणि पोटाला हात लावला तर तेही गार लागते. असे दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

(अशी गळती औषधाने घडवून वजन उतरवण्याचा उद्योगही अमेरिकेत १९३०च्या दशकात झाला. डायनायट्रोफिनॉल हे त्या औषधाचे नाव. काहींना मोतीबिंदू झाला, काही अंगातल्या उष्णतेनेच दगावले आणि अखेर ते बंद करावे लागले. इंटरनेटवर ते आजही चोरून विकले जाते. घरातल्या तरुण मंडळींच्या ‘चरबी जाळणाऱ्या’ भुकट्यांवर म्हणून लक्ष असू द्यावे.)

आता माझी हकीकत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी माझ्याकडे वर्षानुवर्षे येत. वय शहात्तर, शुद्ध शाकाहारी, बारा वर्षांपासून मधुमेह आणि त्यासाठी मेटफॉर्मिन. त्यांना थकवा येऊ लागला. न्यू जर्सीतील मुलाने व्हिडिओ कॉलवर बाटली दाखवून मला विचारले, ‘डॉक्टर, मायटोकॉन्ड्रियासाठी चांगलं असतं म्हणे, पाठवू का?’ मी म्हणालो, ‘हरकत नाही, अपाय तर नाही ना!’ हिमोग्लोबिन ११.२ होते. ‘वयाच्या मानाने ठीक आहे’, हेही मीच म्हणालो. काकूंनी दोन वेळा सांगितले, की यांच्या पायांना मुंग्या येतात. ते मी मधुमेहाच्या खात्यावर टाकले. सात महिने गुरुजी नियमाने त्या गोळ्या घेत होते. आणि आपण काही तरी उपाय करतो आहोत, या समाधानात आम्ही सगळेच होतो.

एका रात्री ते न्हाणीघरात अंधारात पडले. हाड मोडले नाही, नशीब. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, ‘डॉक्टर, पायाखाली कापूस अंथरल्यासारखं वाटतं. जमीन कुठे आहे तेच कळत नाही.’ हे वाक्य ऐकले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. डोळे मिटून उभे राहायला सांगितले तर ते डोलू लागले. रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व तपासले. ते १२८ आले. दोनशेच्या खाली गेले की आम्ही ते कमी मानतो.

मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ आतड्यातून नीट शोषले जात नाही, हे मला माहीत नव्हते असे नाही. शाकाहारी माणसाच्या आहारात ते आधीच थोडे, म्हणजे केवळ दूध-दह्यातून येणारे. आणि विरोधाभास पाहा: शरीरातील ज्या दोन रासायनिक क्रियांना बी-१२ लागते, त्यांपैकी एक तंतुकणिकेच्या आतच चालते. तंतुकणिकेसाठी मागवलेल्या बाटलीने सात महिने दारात गर्दी केली आणि तिला खरोखर जे हवे होते ते कोणी पाहिलेच नाही. इंजेक्शने सुरू केली. महिन्या-दीड महिन्यात थकवा पुष्कळ ओसरला, रक्त सुधारले. पायांची जाण मात्र पुरती परत आली नाही. मज्जातंतूंना झालेली इजा वेळेत हाती लागली नाही तर थोडीफार कायमची राहते. गुरुजी आता काठी घेऊन चालतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. काकूंनी एकदाच म्हटले, ‘मी सांगितलं होतं हो तुम्हाला’, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

तेव्हा काळजीवाहू मंडळींना माझी विनंती आहे. तुम्ही एखादे लक्षण दोनदा सांगूनही डॉक्टरने मान डोलावली, तर तिसऱ्यांदा सांगा. उतारवयातील थकवा ‘वयाचा’ आहे किंवा ‘मायटोकॉन्ड्रियाचा’ आहे असे म्हणण्यापूर्वी हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर, मूत्रपिंडाची तपासणी आणि रक्तातील सोडियम पाहिले गेले पाहिजे. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर सोडियम विशेषच. पायांवर सूज किंवा आडवे झाल्यावर दम असेल तर हृदयाची तपासणी. झोप, भूक आणि मन कसे आहे हेही विचारावे. जोडीदार गेल्यानंतरचे नैराश्य पुष्कळदा थकव्याचा वेष घेऊन येते. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी यातले काही वाचून गोळी बंद करू नये. ती चांगली गोळी आहे, फक्त बी-१२ अधूनमधून तपासून घ्यावे. रक्तवाढीसाठी नुसते फॉलिक ॲसिड मनाने सुरू करू नये. त्याने रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालूच राहू शकते. आणि वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर क्यू-१०ची बाटली डॉक्टरांना न विचारता उघडूच नये. त्याने वॉरफरिनचा परिणाम कमी होऊ शकतो.

एवढे पाहून झाले, कारण सापडले वा नाही सापडले, तरी पुढचे काम हालचालीचे. १९९० साली बोस्टनमधील एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांचे वजनी व्यायाम दिले गेले. जे शेवटपर्यंत टिकले त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तो प्रयोग तंतुकणिकांचा नव्हता, ताकदीचा होता, आणि देखरेखीखाली होता. घरी आपण साधे काही करू शकतो. भिंतीला टेकवलेली, हात असलेली भक्कम खुर्ची घ्यावी, कोणी तरी शेजारी उभे राहावे आणि खुर्चीतून उठून पुन्हा सावकाश बसावे. पहिल्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ पाच-पाच वेळा पुरे. उठताना खुर्चीच्या हातांचा आधार घेतला तरी चालेल. छातीत दुखले, घेरी आली, दम असा लागला की बोलता येईना, तर थांबावे आणि आम्हाला कळवावे. जेवणात वरण, उसळ, दही, चालत असेल त्यांना अंडे किंवा मासळी. कारण दरवाजे असोत की स्नायू, घडतात ते प्रथिनांतूनच.

सांगलीच्या भगिनींना: या महिन्यात ती बाटली घेऊ नका. तेवढ्या पैशांत वरच्या तपासण्यांपैकी बहुतेक होतील आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात काही विनामूल्यही होतील. अहवाल आले की आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, मग हवे तर मला पाठवा. सोबत सासूबाईंच्या चालू गोळ्यांची यादी जोडायला विसरू नका; पत्रात ती नव्हती.